गर्भनिरोधनाचे साधन कसे निवडावे: नागपुरातील नवविवाहित जोडप्यांसाठी आणि नव्या आईवडिलांसाठी

गर्भनिरोधनाची पहिल्यांदा चौकशी करणारी बहुतेक मंडळी एकच प्रश्न विचारतात, की यांतले सगळ्यांत चांगले साधन कोणते. या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण वहिनीला मानवलेली तांबी (गर्भाशयात बसवायचे तांब्याचे साधन) तुम्हाला मानवेलच असे नाही, आणि ज्या गोळ्यांनी शेजारणीला महिनाभर मळमळले त्यांचा तुम्हाला काहीच त्रास होणार नाही, असेही घडते. त्यापेक्षा स्वतःला विचारावे, की पुढची किती वर्षे मूल नको आहे, आपली प्रकृती कशाला परवानगी देते आणि रोजच्या धबडग्यात आपल्याकडून काय पाळले जाईल. साधनाचे नाव या उत्तरांनंतर यावे. प्रत्यक्षात मात्र साधन आधी ठरते, तेही बहुधा सासूबाई, मोठी जाऊ किंवा औषधाच्या दुकानातला मुलगा यांच्या सांगण्यावरून, आणि मग ते अंगाला लावून बघितले जाते.

हा लेख तपासणीची जागा घेत नाही. डॉक्टरांसमोर किंवा आरोग्य सेविकेसमोर बसल्यावर काय सांगायचे, काय विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरातून निवड कशी करायची, एवढीच तयारी यातून व्हावी. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले ते १९२१ साली, आणि भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तो १९५२ साली. तरीही सीताबर्डीच्या दुकानात कंडोमचे पाकीट आजही गुपचूप कागदात गुंडाळून दिले जाते.

पहिली पायरी: मुदत ठरवा

पाळणा लांबवायचा आहे की थांबवायचा आहे, हे दोघांनी आधी आपसांत बोलून घ्यावे. लग्नाला नुकतेच काही महिने झाले आहेत आणि वर्षभरात मूल हवे आहे, अशा जोडप्याने तीन महिन्यांचे इंजेक्शन घेऊ नये, कारण ते बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. त्यांना गोळ्या किंवा कंडोम सोयीचे, कारण ही साधने बंद केल्यावर गर्भधारणेची शक्यता लगेच परत येते. पहिले मूल झाले आहे आणि दुसऱ्यासाठी तीन वर्षे थांबायचे आहे, त्यांनी तांबीचा विचार सगळ्यांत आधी करावा. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या तांबी मिळतात. कॉपर टी ३७५ पाच वर्षे चालते आणि कॉपर टी ३८० ए दहा वर्षे चालते. मुदत संपेपर्यंत ती ठेवलीच पाहिजे असे नाही. दुसऱ्याच वर्षी मूल हवेसे वाटले, तर ती काढून घेता येते आणि त्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

आता मूल नकोच, असा दोघांचाही पक्का निर्णय झाला असेल, तर नसबंदी आहे. पण ‘पक्का’ या शब्दावर इथे थोडे थांबावे. नसबंदी कायमची असते. नळ्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया होते, परंतु ती यशस्वी होईलच याची खात्री कोणी देत नाही. बाळंतपणाच्या थकव्यात, घरच्यांच्या आग्रहाखातर किंवा मूल आजारी असताना हा निर्णय घेऊ नये. मनात किंचितही शंका असेल, तर दहा वर्षांची तांबी बसवून घ्यावी. ती नसबंदीच्या जवळपास पोहोचेल इतकी परिणामकारक आहे आणि परतीचा रस्ता उघडा ठेवते.

देशाचे चित्र पाहिले, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदीवर भिस्त ठेवलेली आढळली, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते. मधल्या काळात काहीच न वापरता घाईघाईने मुले होऊ द्यायची आणि शेवटी बाईचे ऑपरेशन करून मोकळे व्हायचे, ही आपल्याकडची जुनी रीत या आकड्यांत दिसते. मला ती कोणत्याच अंगाने शहाणपणाची वाटत नाही.

दुसरी पायरी: प्रकृतीचा हिशेब

प्रत्येक साधनाचे काही निषेध असतात, आणि ते तपासणीला जाण्याआधी माहीत असले तर डॉक्टरांना खरी माहिती देता येते.

माला एन किंवा माला डी यांसारख्या नेहमीच्या गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन संप्रेरके असतात. इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका किंचित वाढतो. म्हणून ज्यांचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहतो, ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती, ज्यांना डोळ्यांपुढे चमकणारी वेडीवाकडी रेघ दिसून मग अर्धशिशी सुरू होते, ज्या पस्तिशीनंतरही सिगारेट ओढतात, ज्यांना स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार आहे, त्यांच्यासाठी या गोळ्या नाहीत. रक्तदाब मोजल्याशिवाय या गोळ्या सुरू करू नयेत, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ धोका टळतो. दुकानातून थेट पाकीट घेणाऱ्या मुली नेमका हाच नियम चुकवतात.

क्षयाच्या औषधांतले रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारखी काही औषधे संप्रेरकांचा परिणाम कमी करतात. डॉट्सचे, म्हणजे क्षयाचे उपचार चालू असताना गोळ्यांवर विसंबल्याने दिवस राहिले, तर दोष गोळीचा नसतो. कुणी आधी विचारलेच नाही, हे त्यामागचे कारण असते.

तांबीत संप्रेरक नसते. त्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांना आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते. परंतु पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाते आणि पोट दुखते. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचे आढळले आहे, म्हणून तांबीआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे आणि कमी असल्यास लोहाच्या गोळ्या सुरू करणे चांगले. ओटीपोटात संसर्ग असेल, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, किंवा अकारण रक्तस्राव होत असेल, तर आधी त्याचा उपचार करावा आणि तांबी नंतर बसवावी.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक बाब वेगळी सांगणे आवश्यक आहे, कारण मुंबई-पुण्यात लिहिलेल्या माहितीपत्रकांत ती बहुधा नसते. आपल्या भागात सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. तुमचा अहवाल ‘एएस’ असेल, म्हणजे तुम्ही केवळ वाहक असाल, तर ते डॉक्टरांना सांगा, पण घाबरू नका. अहवाल ‘एसएस’ असेल, म्हणजे तुम्हाला प्रत्यक्ष आजार असेल, तर मात्र इस्ट्रोजेनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नका, कारण या आजारात गुठळ्यांचा धोका आधीच जास्त असतो. तांबीमुळे वाढणारा रक्तस्रावही अशा स्त्रीच्या अंगावर येऊ शकतो. कोणते संप्रेरक चालेल आणि कोणते नाही, हे सिकलसेलचे उपचार करणारे डॉक्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांच्या सल्ल्याने ठरवावे. यासाठी सिकलसेलचे कार्ड पर्समध्येच ठेवलेले बरे.

तिसरी पायरी: काय पाळले जाईल, ते प्रामाणिकपणे सांगा

कोणत्याही साधनाचे यश दोन प्रकारे मोजतात. एक, ते अगदी बिनचूक वापरले तर किती उपयोगी पडते, आणि दुसरे, सर्वसामान्य माणूस विसरत, चुकत, कंटाळत वापरतो तेव्हा किती उपयोगी पडते. निवड करताना दुसरा आकडा पाहावा. शंभर जोडप्यांनी वर्षभर काहीच वापरले नाही, तर साधारण ८५ स्त्रियांना दिवस राहतात. वेळेवर बाजूला होण्याच्या पद्धतीत २० जणींना राहतात, कंडोममध्ये १३, रोजच्या गोळीत ७, तीन महिन्यांच्या इंजेक्शनमध्ये ४, आणि तांबीत किंवा नसबंदीत एकीलाही क्वचितच. यातला फरक साधनाच्या ताकदीपेक्षा माणसाच्या विसरभोळेपणाचा आहे. एकदा बसवली की तांबीत विसरण्यासारखे काही उरत नाही.

म्हणून स्वतःच्या दिनक्रमाकडे पाहावे. मिहानमध्ये पाळ्यांची नोकरी करणारी, आज सकाळी सहाला निघणारी आणि पुढच्या आठवड्यात रात्री अकराला परतणारी मुलगी रोज एकाच वेळी गोळी घेईल का? घेणाऱ्या असतात, पण मोबाइलमध्ये गजर लावून. ज्यांचा नवरा पुण्याला नोकरीला असून महिन्यातून एकदा-दोनदाच येतो, त्या स्त्रिया मधल्या दिवसांत गोळ्या सोडून देतात आणि तो आल्याच्या रात्री पुन्हा सुरू करतात. अशी घेतलेली गोळी न घेतल्यासारखीच. त्यांनी कंडोम, तांबी किंवा आठवड्याची गोळी (छाया) निवडावी. एकत्र कुटुंबात, जिथे कपाटालाही कुलूप नसते, तिथे घरी काहीच ठेवावे न लागणारे इंजेक्शन सोयीचे पडते. ही कारणे वैद्यकीय नसली तरी खरी आहेत, आणि डॉक्टरांना ती संकोच न करता सांगावीत.

चौथी पायरी: साधने जवळून पाहा

गोळ्यांचे पाकीट हातात घेऊन नीट पाहावे. माला एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत संप्रेरके असतात, आणि उरलेल्या ७ लोहाच्या असतात. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत पहिली पांढरी गोळी घ्यावी, बाणाच्या दिशेने रोज एक घेत जावे, आणि पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी नवे फोडावे. पाळी बहुधा लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत येते. ती संपण्याची वाट पाहून नवे पाकीट उशिरा सुरू करणे, ही सगळ्यांत नेहमीची चूक होय. एक गोळी विसरली तर आठवेल तेव्हा ती घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतात. सलग दोन किंवा अधिक पांढऱ्या गोळ्या चुकल्या, तर आठवताच एक घ्यावी, पाकीट पुढे चालू ठेवावे आणि सात दिवस कंडोमही वापरावा. ही चूक तिसऱ्या आठवड्यात झाली, तर लोहाच्या गोळ्या वगळून पांढऱ्या संपताच थेट नवे पाकीट सुरू करावे.

छाया ही आठवड्याची गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाली आणि ती संप्रेरकांची नाही. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी घ्यायची, त्यानंतर पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, आणि पुढे आठवड्यातून एकदा. पाळी रविवारी आली तर रविवार आणि बुधवार, सोमवारी आली तर सोमवार आणि गुरुवार, असे वार बांधलेले असतात. चौथ्या महिन्यापासून फक्त पहिला वार उरतो. वार नीट लक्षात राहावेत म्हणून ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवण्याची पद्धत मला ॲपपेक्षा भरवशाची वाटते. या गोळीने काही जणींची पाळी लांबते आणि उगीच धाकधूक होते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली, तर लघवीची चाचणी करून घ्यावी. पीसीओएस (बीजकोशांत अनेक बारीक गाठी होण्याचा विकार) किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी छाया डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

अंतरा हे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि दर तीन महिन्यांनी घ्यावे लागते. पाळी अनियमित होणे, मधूनच डाग दिसणे किंवा काही महिन्यांनी पाळी पूर्ण थांबणे, हे या इंजेक्शनचे अपेक्षित परिणाम आहेत. आत रक्त साचून राहते, ही समजूत चुकीची आहे, कारण अस्तरच पातळ राहते, त्यामुळे बाहेर पडायला काही नसते. हे आधी नीट समजावून सांगितले नाही, तर पहिल्याच इंजेक्शननंतर घाबरून बऱ्याच जणी ते सोडतात. टोचलेली जागा चोळू नये किंवा शेकू नये. तारीख लिहिलेले कार्ड जपून ठेवावे. ठरल्या तारखेपेक्षा चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी इंजेक्शन घेता येते, मात्र तशी सवय लावून घेऊ नये.

तांबीबद्दल सर्वांत जास्त अफवा आहेत. ती वर चढून काळजापर्यंत जाते, नवऱ्याला टोचते, तिच्यामुळे कर्करोग होतो, असे बायका एकमेकींना आजही सांगतात. तांबी म्हणजे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, तांब्याची तार गुंडाळलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा प्लास्टिकचा लवचीक तुकडा असतो. तो गर्भाशयाच्या पिशवीत बसतो, आणि त्याचा बारीक दोरा गर्भाशयाच्या तोंडाबाहेर थोडासा लोंबतो. पाळीनंतर बोटाने दोरा लागतो का, हे पाहता येते. दोरा अचानक लांब लागला, मुळीच लागला नाही, किंवा प्लास्टिकचे टोकच बोटाला लागले, तर दवाखान्यात जावे आणि तोवर कंडोम वापरावा. बसवायला काही मिनिटे लागतात. त्या वेळी पाळीसारखी कळ येते, आणि ती काही जणींना जोराची येते, हे लपवण्यात अर्थ नाही. एका महिन्याने दाखवायला जायचे असते. खाजगी दवाखान्यांत संप्रेरक असलेली, गर्भाशयात बसवायची साधनेही मिळतात. ती महाग असतात, पण ज्यांना पाळीत मुळातच फार जाते त्यांना त्यांचा दुहेरी फायदा होतो.

कंडोमबद्दल नागपूरकरांना एकच गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना, उन्हात उभ्या केलेल्या स्कूटीच्या डिक्कीत किंवा गाडीच्या कप्प्यात ठेवलेले पाकीट वापरू नका. उष्णतेने रबर कमजोर होते. पँटच्या मागच्या खिशातल्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलेल्याचीही तीच गत. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यानेही तो फाटतो. वंगण हवेच असेल, तर पाण्यात विरघळणारे घ्यावे. लैंगिक आजारांपासून संरक्षण मात्र यादीतल्या या एकाच साधनाने मिळते, त्यामुळे नव्या नात्यात इतर काही वापरत असलात तरी कंडोम सोडू नये.

पुरुष नसबंदी बिनटाक्याची असते. अंडकोशाची कातडी बधिर करून बारीक छिद्रातून नळ्या बांधतात, आणि त्याच दिवशी घरी जाता येते. दोन दिवस विश्रांती घ्यावी, आणि आठवडाभर सायकल आणि जड ओझे टाळावे. पुरुषत्व कमी होत नाही, ताकद जात नाही, वीर्यही दिसायला पूर्वीसारखेच राहते. फक्त एक पथ्य कडक आहे. नळीत उरलेले शुक्राणू संपायला तीन महिने लागतात, त्यामुळे तोवर दुसरे साधन वापरावे आणि तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत असे लेखी कळल्यावरच निर्धास्त व्हावे. स्त्रीच्या नसबंदीत पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण घालावी लागते, भूल द्यावी लागते, आणि पुढे विश्रांतीही जास्त लागते. दोन्हींची तुलना केल्यावरही घरातली बाईच टेबलावर का जाते, याचे वैद्यकीय कारण मला आजवर सापडलेले नाही. सरकारी निकषांनुसार स्त्रीचे वय २२ ते ४९ असावे आणि किमान एक मूल वर्षाहून मोठे असावे. जोडीदाराची सही कायद्याने आवश्यक नाही. ऑपरेशनचे कार्ड आणि प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण क्वचित ते अयशस्वी ठरल्यास भरपाईची योजना आहे आणि त्यासाठी हेच कागद लागतात.

पाचवी पायरी: बाळंतपणानंतरची खिडकी चुकवू नका

आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी बाळंत होते, सव्वा महिना किंवा त्याहून अधिक तिथेच राहते, आणि साधनाचा विषय सासरी परतेपर्यंत कोणीच काढत नाही. परतल्यावर मात्र उशीर झालेला असतो, कारण अंगावर पूर्णपणे न पाजणाऱ्या आईचे बीज बाळंतपणानंतर चौथ्या आठवड्यापासूनही सुटू शकते, म्हणजे पाळी दिसण्याआधीच दिवस राहू शकतात. म्हणून आठव्या-नवव्या महिन्यातल्या तपासणीतच विचारून ठेवावे. प्रसूतीनंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, सिझेरियनमध्ये तर त्याच वेळी बसवतात. यात ती आपोआप बाहेर पडण्याचे प्रमाण थोडे जास्त असते, त्यामुळे सहा आठवड्यांनी दाखवावे. ४८ तासांची संधी हुकली, तर सहा आठवडे थांबावे लागते.

अंगावर पाजणे हेही एक साधन आहे, पण तिन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, पाळी सुरू झालेली नसावी आणि बाळाला रात्रंदिवस फक्त आईचेच दूध मिळावे. आजीने प्रेमाने पाजलेली गुटी, मध, पाणी किंवा वरचे दूध यांतले काहीही सुरू झाले, की हा आधार संपतो. अंगावर पाजणाऱ्या आईने इस्ट्रोजेनच्या गोळ्या बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ नयेत. छाया, तांबी, कंडोम चालतात, आणि अंतरा सहा आठवड्यांनंतर चालते. गर्भपातानंतर तर दोन आठवड्यांच्या आतही बीज सुटू शकते, म्हणून दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच साधन ठरलेले असावे.

सहावी पायरी: कुठे जावे आणि काय न्यावे

सुरुवातीला मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या गर्दीत जाण्याची गरज नाही. महापालिकेचे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा उपकेंद्र, यांच्याकडे कंडोम, माला एन आणि छाया मोफत मिळतात, वस्तीतल्या आशाताईही ती देतात. तांबी आणि अंतरासाठी प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर लागतात, तेव्हा त्यांचा वार आधी विचारून जावे. बाळंतपण, नसबंदी किंवा गुंतागुंतीच्या तक्रारींसाठी गांधीबाग भागातले डागा स्त्री रुग्णालय, मेयो आणि मेडिकल ही मोठी सरकारी ठिकाणे आहेत. घरबसल्या प्राथमिक सल्ला हवा असेल, तर राज्याची १०४ ही आरोग्य हेल्पलाइन आहे.

जाताना शेवटच्या पाळीची तारीख, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, बाळंतपणाचे किंवा सिझेरियनचे कागद, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनचे जुने आकडे आणि सिकलसेलचा अहवाल न्यावा. ओळीने बाकडी मांडलेल्या खोलीत सगळ्यांसमोर विचारपूस सुरू झाली, तर ‘ताई, मला जरा बाजूला बोलायचे आहे जी’ एवढे म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. सांगितलेल्या साधनाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात, की याचा नेहमीचा त्रास कोणता, कोणत्या लक्षणाला लगेच यायचे आणि हे नको झाले तर बंद कसे करायचे. कोणी एकच साधन पुढे रेटत असेल, तर बाकीची कोणती आहेत हेही विचारावे. सज्ञान अविवाहित व्यक्तीने साधन मागण्यास कायद्याची आडकाठी नाही. भुवया उंचावल्या जातात, त्याला इलाज नाही.

सातवी पायरी: चूक झाली तर

कंडोम फाटला, गोळ्या चुकल्या किंवा काहीच वापरले नाही, तर ७२ तासांच्या आत लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. ती जितक्या लवकर घ्याल तितकी उपयोगी, म्हणून रविवार आहे, सोमवारी बघू, असे करू नये. घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी. ही गोळी बीज सुटणे लांबवते, राहिलेला गर्भ पाडत नाही. महिन्यातून दोन-तीनदा ती घ्यावी लागत असेल, तर तुमच्याजवळ नेमाचे साधन नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या गोळीपेक्षाही खात्रीची असते, आणि पुढे अनेक वर्षे कामाला येते.

पाळी आठवडाभर लांबली, तर घरीच लघवीची चाचणी करावी. दिवस गेलेले असतील आणि नको असतील, तर दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरी घेऊ नयेत. गर्भ नळीत असेल तर जिवावर बेतते, आणि ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि २०२१ मधली त्यातली दुरुस्ती यांनुसार गर्भनिरोधन अयशस्वी ठरणे हे गर्भपातासाठी मान्य कारण आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते, आणि नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जितके लवकर जाल तितके ते सोपे आणि सुरक्षित.

आठवी पायरी: पहिले तीन महिने, आणि नंतर साधन थांबवताना

नवे साधन सुरू केल्यावर मळमळ, डाग दिसणे, स्तन दुखणे, पाळी पुढेमागे होणे, असे त्रास बहुधा तीन महिन्यांत ओसरतात. तेवढा वेळ दिल्यावरही सहन होत नसेल, तर ते साधन बदलावे. मनाने सोडून देऊन मोकळे मात्र राहू नये. गोळ्या घेताना छातीत कळ, एका पायाच्या पोटरीला सूज आणि ठणका, अचानक फार जोराची डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे, आणि तांबी असताना तापासह ओटीपोटात दुखणे किंवा पाळी चुकणे, या लक्षणांत त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मूल हवे असे ठरले, की तांबी काढून घ्यावी किंवा पाकीट संपवून गोळ्या थांबवाव्यात, इंजेक्शन घेणाऱ्यांनी तो निर्णय काही महिने आधीच घ्यावा. थांबण्यापूर्वीच फॉलिक ॲसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. आणि विदर्भातल्या दोघांनीही साधन सोडण्याआधी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के असते. ही तपासणी मेडिकल, मेयो आणि आरोग्य केंद्रांत होते. अहवाल हाती येईपर्यंत चालू असलेले साधन तसेच चालू ठेवावे.